कोंबड्यांसाठी कांग

पाणी गोठायला किती वेळ लागतो हे अख्ख्या अर्दाओगोउ गावात युएलानइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. उकळतं पाणी कोंबड्यांच्या घमेल्यात ओतलं की तासाभरात वर पापुद्रा धरतो, दोन तासांत त्याचा दगड होतो. मग घमेलं उपडं करायचं, लाथ घालायची, बर्फाची चकती कुंपणापलीकडे भिरकावायची आणि पुन्हा किटली घेऊन यायचं. दिवसातून सहा वेळा. कुंपणाबाहेर तसल्या चकत्यांचा ढीग तिच्या कमरेएवढा झाला होता आणि खरी थंडी अजून यायचीच होती. हार्बिनच्या वर बसने चार तासांवरचं गाव ते, तिथं उणे पंचवीसला कुणी थंडी म्हणत नाही.

बावीस कोंबड्या आणि एक कोंबडा. आता तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला? कापाव्यात, बर्फात पुरून ठेवाव्यात आणि वसंतापर्यंत सावकाश खाव्यात. सगळं गाव तेच करतं. तिचा नवरा फुशानही तेच म्हणाला होता, पण त्यावर युएलानने त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांची मुलगी श्याओमान दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती, जानेवारीच्या वीस तारखेला. बाळंतिणीने महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, थंड पाण्याला हात लावायचा नाही आणि रोज राळ्याच्या पेजेबरोबर सहा अंडी खायची, ही रीत. ती अंडी माहेरची हवीत. दुकानातली फिकट बलकाची अंडी बाळंतिणीपुढे ठेवणारी आई युएलानच्या मते आई नव्हेच. आणि कोंबडीला एक दिवस पाणी मिळालं नाही तर ती आठवडाभर अंडं देत नाही, हा तर कोंबडीचा स्वभावच आहे.

पण खरं दुखणं अंड्यांचं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी श्याओमानला पहिला मुलगा झाला तोही असाच जानेवारीत. फुशान तेव्हा जंगलातल्या गावांमध्ये कामावर होता आणि कोंबड्यांना पाणी द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून युएलान गेली नाही. सासू नसलेल्या घरात पोरगी महिनाभर एकटी होती, नवरा दिवसभर कामावर. युएलानने बसवाल्याबरोबर एकशेवीस अंडी पाठवली, गव्हाच्या कोंड्यात एकेक पुरून, एकही न फुटता. मार्चमध्ये नातवाला बघायला गेली तेव्हा श्याओमानने आईचा कोट काढून खुंटीला लावला, चहा दिला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कोंबड्या बऱ्या आहेत ना, आई?"

बस्स, एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. ते वाक्य युएलानच्या काळजात घुसलं ते तीन वर्षं निघालं नव्हतं. या खेपेला जायचं म्हणजे जायचंच, बाळाच्या आधी तिथं पोचायचं आणि पुरा महिना राहायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. फुशानही आता घरी होता, काम सोडून. सगळं जमून आलं होतं आणि नोव्हेंबरच्या शेवटी हा गडी अंगणातल्या बर्फावर घसरला आणि पाय मोडून बसला. आता तो घरातल्या घरात काठी टेकत फिरायचा. अंगणात किटली घेऊन जाणं त्याच्या बापाला जमलं नसतं.

शेजारच्या ग्वान वहिनी तशा मनाने मोकळ्या, पण तोंड एखाद्या शस्त्रासारखं. त्या कुंपणावरून म्हणाल्या, दिवसातून एकदा दाणे टाकीन, अंडी गोळा करून म्हाताऱ्याच्या हातात देईन, पण सहा वेळा पाणी द्यायचं म्हणजे माझ्या गुडघ्यांना आधी विचार. वर हेही विचारलं की तुमच्या कोंबड्या पाणीच पितात की आंघोळ करतात. त्यांचं काही चुकत नव्हतं. सत्तरीला टेकलेली बाई ती.

म्हणजे गोष्ट एवढीच होती. पाणी आपलं आपण पातळ राहिलं तर युएलानला जाता येणार होतं. गोठलं तर नाही.

फुशानने आयुष्यभर कांग बांधल्या. घरात विटांचा रुंद ओटा असतो, चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरत फिरत पलीकडच्या धुराड्यात जातो, आणि त्या ऊबदार ओट्यावर सगळं कुटुंब झोपतं, जेवतं, भांडतं, ती कांग. पंचवीस गावांमध्ये त्याच्या हातच्या कांगा होत्या आणि एकीतूनही धूर गळत नव्हता. असा माणूस पाय मोडून कांगवर पडला, म्हणजे त्याची काय अवस्था झाली असेल बघा. दिवसभर खिडकीतून बायकोच्या खेपा मोजायचा आणि सूचना करायचा. त्याच्या सूचनांनी युएलानच्या नाकी नऊ आले होते.

पहिली सूचना मिठाची. आता ही चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे. प्रत्येक घरात हिवाळ्यासाठी आंबट कोबीचा रांजण भरलेला असतो. कोबीचे अख्खे गड्डे पाण्यात बुडवायचे, वर मोठा धोंडा ठेवायचा आणि आंबू द्यायचे. बाहेर झाडं तडकतात एवढी थंडी असली तरी त्या रांजणातलं पाणी गोठत नाही. का गोठत नाही? तर मिठामुळे, असं सगळं गाव पिढ्यान्‌पिढ्या समजून चाललेलं. फुशान म्हणाला, कोंबड्यांच्या पाण्यात टाक दोन मुठी मीठ, झालं काम. युएलानने टाकलं. पाणी गोठलं ते गोठलंच, फक्त अर्धा तास उशिरा. तेवढ्या अर्ध्या तासात कोंबड्यांनी ते घटाघटा प्यायलं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पोटं बिघडली आणि नऊ अंड्यांवरून गाडी तीनवर आली. ग्वान वहिनींनी विचारलं, कोंबड्यांचं लोणचं घालतेस का गं. युएलानने दोन दिवस नवऱ्याला नूडल्स अळणी वाढल्या.

दुसरी सूचना तापणाऱ्या लाल बल्बची. ही युएलानलाही पटली, खोटं कशाला बोलू. तालुक्याच्या बाजारातून बसवाल्याकरवी बल्ब मागवला, स्वयंपाकघरातून वायर ओढली आणि खुराड्याच्या आढ्याला बल्ब टांगला, बरोबर घमेल्यावर. दोन दिवस पाणी गोठलं नाही. दोन दिवस युएलानच्या पायांना भिंगरी लागली होती, तिने गाठोडं बांधायला काढलं, नातवंडासाठी शिवलेलं वाघाच्या तोंडाचं टोपडं तळाशी घातलं, फोनवर लेकीला सांगूनही टाकलं, येतेय. श्याओमान पलीकडून म्हणाली, "बघ हं. उगाच कबूल करू नकोस."

तिसऱ्या दिवशी, तीन जानेवारीला सकाळी दहाच्या सुमाराला युएलान चुलीतली राख टाकायला बाहेर आली आणि तिला जळक्या पिसांचा वास आला.

राख तिथंच टाकली तिने. धावत जाऊन खुराड्याचं दार उघडलं तर आत धूर आणि कोंबड्यांचा एकच कल्लोळ. एखादी कोंबडी उडून वायरवर बसली असणार. बल्ब खाली पेंढ्यात पडला होता आणि पेंढा कोपऱ्यातून धडधडून पेटला होता. युएलानने आधी वायर ओढून काढली, मग हाताला लागेल ती कोंबडी बाहेर बर्फात फेकत सुटली. पाणी हवं होतं. हापसा स्वयंपाकघरात, आणि थंडीत त्याच्या नळीत पाणी ठेवत नाहीत. आधी वरून तांब्याभर कोमट पाणी ओतायचं, मग दहा-वीस वेळा हापसायचं, तेव्हा कुठे धार येते. तेवढ्यात खुराडं राहिलं नसतं. अंगणात बर्फ होता, पण तो इतका कडक की फावडं त्यावरून घसरत होतं.

फुशान आतून ओरडत होता, "रांजण. अगं, रांजण."

खुराड्याला लागूनच मागची कोठी, स्वयंपाकघरातून दार असलेली. तिच्यात कोबीचा रांजण. युएलान आत घुसली, धोंडा बाजूला लोटला, पत्र्याचं पातेलं रांजणात बुचकळलं आणि बाहेर पळत येऊन आगीवर ओतलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. पाण्याबरोबर कोबीचे गड्डेही येत होते आणि तेही ती आगीवर फेकत होती. कुंपण ओलांडून ग्वान वहिनी आल्या, त्यांनी दुसरं पातेलं घेतलं. सात-आठ खेपांत आग विझली. खुराड्यात गुडघाभर आंबट वाफ, भिंतीला चिकटलेली कोबीची पानं आणि मधोमध पिसं पेटल्यासारखा संतापलेला कोंबडा. एक कोंबडी गेली. एकवीस राहिल्या. जीव भांड्यात पडला आणि युएलान तिथंच उंबऱ्यावर बसून रडली.

ग्वान वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी ओली बोटं चाटली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाल्या, रांजणात मीठ घालायला विसरलीस काय यंदा, नुसतंच आंबट लागतंय.

"एवढ्या रांजणाला दोनच मुठी घालते मी," युएलान नाक पुसत म्हणाली. "जास्त खारट यांना चालत नाही."

आणि म्हणता म्हणता तिचं रडं थांबलं. दोन मुठी. अख्ख्या रांजणाला दोन मुठी. कोंबड्यांच्या घमेल्यातही दोनच मुठी होत्या, म्हणजे कितीतरी पट खारट, तरी ते गोठलं. मग रांजण का गोठत नाही? आणखी एक गोष्ट तिला आत्ता जाणवली. ते पाणी हातावर सांडलं तेव्हा गारठा झोंबला नव्हता. बाहेरच्या थंडीत गार पाणी हातावर पडलं की सुया टोचतात. हे तर जवळजवळ कोमट होतं.

ती उठली, कोठीत गेली आणि रांजणामागच्या भिंतीला तळवा लावला. भिंत गरम होती. घराची शेवटची भिंत ती, कांगच्या पोटातून आलेला धूर जिच्यातून वर चढतो ती धुराड्याची भिंत. तीस वर्षं तिने त्या भिंतीला टेकून रांजण ठेवला होता, कारण तिच्या सासूने तिथं ठेवला होता, आणि सासूने का ठेवला हे विचारायचं कुणाला कधी सुचलं नव्हतं. त्याच कोपऱ्यात दुसरी भिंत एकाच विटेची, आणि तिच्या पलीकडे खुराडं. युएलानने एक तळवा या भिंतीला लावला, दुसरा त्या भिंतीला. 

"म्हाताऱ्या," तिने हाक मारली, "काठी घे आणि इकडे ये. आत्ताच्या आत्ता."

फुशान आला. तिने भराभरा सांगितलं: रांजण इथून हलवायचा, पाण्याचं घमेलं इथं ठेवायचं, आणि पातळ भिंतीला भोकं पाडायची, कोंबडीची मान जाईल एवढीच. कोंबड्या खुराड्यात उभ्या राहून माना कोठीत घालून पाणी पितील. घमेलं भरायला अंगणात जायला नको. स्वयंपाकघरातून चार पावलं, काठी टेकत तूही भरशील.

फुशान भिंतीजवळ सरकला. त्याने धुराड्याच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करून पाहिलं, खाली, वर, कोपऱ्यात. युएलानला वाटलं, आता हा फाटे फोडणार. आणि त्याने फोडलेच. म्हणाला, चूल रात्री आठला विझते, पहाटेपर्यंत ही भिंत थंड पडते. रांजणात दोनशे लिटर पाणी असतं, ते आपल्यापुरती ऊब धरून ठेवतं. तुझं घमेलं कसलं तग धरतंय. युएलानचा चेहरा पडला. तेव्हा तो कोठीतल्या पोत्यावर बसला, पाय लांब केला आणि त्याचे डोळे चमकायला लागले. महिन्याभरात तिने ते तसे पाहिले नव्हते.

"कोंबड्यांची कांग बांधू या," तो म्हणाला. "छोटीशी."

मग जी धमाल उडाली ती काय सांगू. त्याने काठीने जमिनीवर आखलं. धुराड्याच्या भिंतीला चिकटून गुडघ्याएवढा विटांचा चौकोन. त्यात गोटे आणि कोरडी वाळू ठासून भरायची, घमेलं वाळूत अर्धं पुरायचं. दिवसभर भिंतीची ऊब वाळूत मुरेल आणि रात्रभर ती घमेल्याला देत राहील. युएलानने विचारलं, धुराड्याच्या भिंतीला एक छोटं भोक पाडून धूरच वाळूखालून फिरवला तर? जास्त गरम होईल. फुशान एवढा तापला की काठी आपटली. म्हणाला, "धुराच्या वाटेला हात लावायचा नाही. दिसतो तो धूर खोकला आणतो, न दिसणारा झोपेत मारतो. माणसाला मारतो, कोंबडीला किती वेळ लागेल? वीज नाही, जाळ नाही, धुराला भोक नाही. नुसती ऊब." युएलानने आयुष्यात पहिल्यांदा त्याचं ओरडणं आनंदाने ऐकून घेतलं.

विटा घरामागे होत्या, एकमेकींना गोठून चिकटलेल्या. युएलानने त्या कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकून सुट्या केल्या आणि कांगवर ओळीने तापायला ठेवल्या, अंथरुणाच्या जागी. पिवळी माती पोत्यात होती, तीही कांगवर. वाळूचं काय? नदीकाठची वाळू आता मे महिन्याशिवाय निघणार नव्हती. इथं ग्वान वहिनी मदतीला धावल्या. त्यांच्या तळघरात गाजरं वाळूत पुरून ठेवलेली असतात. त्यांनी गाजरं उपसून टोपलीत भरली आणि वाळू देऊन टाकली, चार पोती. म्हणाल्या, यंदा गाजरं लवकर संपवावी लागतील, रोज गाजराची भाजी खाऊन माझी नजर एवढी तेज होईल की तुमच्या घरातलं सगळं मला माझ्या खिडकीतून दिसेल. युएलान म्हणाली, आत्ता तरी काय दिसायचं राहिलंय.

दोन दिवस फुशान पोत्यावर बसून बांधत होता. युएलान गरम पाण्यात माती आणि कापलेला पेंढा कालवून देत होती, तो थापी मारत होता, शिव्या देत होता, गात होता. खालच्या विटांना पोत्यावरून हात पोचेना तेव्हा त्याने पाय तसाच लांब ठेवून कोठीच्या जमिनीवर बूड टेकलं आणि काम चालू ठेवलं. पातळ भिंतीत त्याने पाच भोकं पाडली, कोंबडीच्या छातीच्या उंचीवर, मूठ जाईल एवढी. मोठी नकोत, तो म्हणाला, नाहीतर आत चढतील, पाण्यात घाण करतील. पाणी खुराड्यात सांडलं तर पेंढा ओला होतो आणि ओल्या खुराड्यात तुरे गोठून काळे पडतात. हे सगळं त्याला कसं ठाऊक, असं युएलानने विचारलं. तर म्हणाला, महिनाभर खिडकीतून दुसरं काय बघत होतो?

सहा तारखेला दुपारी घमेलं वाळूत बसलं, पाणी भरलं. आणि कोंबड्या काही केल्या भोकांजवळ येईनात.

आल्या तरी कशाला असत्या? भिंतीतून कोमट हवा येतेय, आत अंधार, पाणी दिसत नाही. एकवीस कोंबड्या समोरच्या भिंतीला अंग चिकटवून उभ्या. कोंबड्याने एका भोकाशी जाऊन आत एक डोळा लावला आणि आतून युएलानचा डोळा दिसला तसा तो ओरडत मागे पळाला. युएलान पलीकडे गुडघे टेकून पाण्यात बोटं हलवत होती, आवाज करत होती, जिभेने टक्‌टक्‌ करत होती. एक तास गेला. दुसरं पाणी द्यायचं नाही असं फुशानने ठरवलं होतं, तहान लागली की येतील.  शेवटी ग्वान वहिनी खुराड्यात शिरल्या, आगीतून उरलेला आंबट कोबी बारीक तोडून त्यांनी भोकांच्या कडांवर ठेवला. एक मळकट पांढरी कोंबडी पुढे आली, नेहमी सगळ्यांचे टोले खाणारी. तिने एक तुकडा उचलला. दुसरा जरा आत होता, त्यासाठी मान घातली. पाण्याला चोच लागली आणि ती थबकली.

मग तिने मान वर करून घोट गिळला. पुन्हा घातली. पुन्हा गिळला.

युएलानने तोंडावर हात दाबून धरला होता. पलीकडून ग्वान वहिनी हळू आवाजात सांगत होत्या, दुसरी आली, तिसरी आली, अगं ढकलाढकली करतायत. थोड्या वेळात पाचही भोकांमधून पाच माना आत आल्या आणि कोठीच्या अर्धवट उजेडात पाच कोंबड्यांची डोकी एकदम खाली-वर व्हायला लागली. युएलान इतकी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं. फुशानने तिच्या खांद्यावर मातीचा हात ठेवला आणि तोही हसत होता.

पण खरी परीक्षा रात्रीची होती. पहिली रात्र उणे सव्वीस, सकाळी पाणी पातळ. बरं वाटलं, पण फुशान म्हणाला, सव्वीस म्हणजे काही नाही. सात तारखेला वारा पडला, आकाश निरभ्र झालं आणि रेडिओवर सांगितलं की पहाटे उणे छत्तीसपर्यंत जाईल. युएलान म्हणाली, उद्या सकाळी हे पाणी पातळ असेल तर मी बारा-तेराला निघते, आठवडाभर आधी पोचते. गोठलं असेल तर नाव काढत नाही.  अंडी तोवर त्रेसष्ट झाली होती. ती कोंड्यात पुरून टोपली तिने कांगच्या थंड टोकाला ठेवली होती.

आठ तारखेला सकाळी पावणेआठला फोन वाजला. जावई होता. त्याच्या तोंडून धड शब्द फुटेना. श्याओमानला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या, बारा दिवस आधीच, आणि तो तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन आला होता. युएलानने विचारलं, ती काय म्हणते. जावई म्हणाला, "काही म्हणत नाही, आई. दाराकडे बघते."

युएलानने फोन ठेवला. बस साडेआठला. दिवसात एकच. खिडकीची काच आतून बोटभर बर्फाने भरली होती, म्हणजे बाहेर काय असेल ते असो. कांगवर फुशानची जागा रिकामी होती. ती अनवाणीच कोठीकडे धावली.

फुशान पोत्यावर बसला होता, रजई पांघरून, मोडका पाय लांब करून. किती वेळ बसला होता कोण जाणे, भुवयांवर दव गोठलं होतं. कोठीच्या छपराला, दाराच्या कडांना, सगळीकडे पांढरा बर्फ चढला होता. त्याने रजईतून हात काढला, घमेल्यात बोटं बुडवली आणि तिच्या तोंडावर पाणी उडवलं.

पाणी उडालं. थेंब तिच्या गालावरून ओघळले. भिंतीतून मळकट पांढऱ्या कोंबडीची मान आत आली आणि ती त्या दोघांकडे ढुंकूनही न बघता प्यायला लागली.

"जा," फुशान म्हणाला. "बघतेस काय? जा."

मग युएलान पळाली. पायमोजे एकावर एक दोन, कोट, लोकरी रुमाल, गाठोडं. फुशान मागून ओरडून सांगत होता की चूल मी पेटवीन, पाणी मी भरीन, दाणे वहिनी टाकतील, तू मागे वळून बघू नकोस. तिने बघितलंही नाही. अंगणातून, फाटकातून, बर्फावर घसरत, उठत, रस्त्याकडे. बसचा आवाज वळणावर ऐकू येत होता. ग्वान वहिनींनी खिडकीतून सगळं बघितलंच होतं; त्या बूट नीट न घालता रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पसरून त्यांनी बस अडवली. ड्रायव्हर बडबडत होता. वहिनींनी त्याला सांगितलं, ही पोहोचायच्या आत बाळ झालं तर तुझं नाव ठेवीन त्याला, आणि मग बघ तुझी बायको काय म्हणते. युएलान बसमध्ये चढली तेव्हा तिच्या छातीत श्वास मावत नव्हता. सीटवर बसल्यावर कळलं की कोटाची बटणं चुकीच्या काजांत लावली आहेत. ती तशीच राहू दिली.

अडीच तास. नदी गेली, लाकडाची वखार गेली, गोठलेली शेतं संपायचं नाव घेत नव्हती. तिने जावयाला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, अजून नाही. दवाखान्याच्या दारातून ती धावतच आत गेली आणि दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्या दोन-दोन करून चढली, वय वर्षं एकसष्ट.

श्याओमान कुशीवर पडली होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले. तिने दाराकडे बघितलं. आई दारात उभी होती, बटणं चुकलेली, रुमाल मानेवर, अंगाला कोंबड्यांचा आणि धुराचा वास. श्याओमानने आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातांकडे, आणि एका खांद्यावर लोंबणाऱ्या गाठोड्याकडे.

"अंडी कुठायत?" तिने विचारलं.

युएलानने आपल्या हातांकडे बघितलं. मग तिला आठवलं. कांगच्या थंड टोकाला, कोंड्यात पुरलेली, त्रेसष्ट.

"राहिली," ती म्हणाली. "घाईत राहिली गं."

श्याओमानने हसायला सुरुवात केली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात कळ आली म्हणून तिने हात पुढे केले. युएलान खाली वाकली. पोरीने तिचे दोन्ही हात मनगटापाशी एवढे घट्ट धरले की बोटं पांढरी पडली. नर्स म्हणाली, एकालाच आत थांबता येईल. जावई मुकाट्याने बाहेर गेला.

युएलानच्या कोटाच्या खिशात फोन वाजायला लागला. टोपली सापडल्यावर फुशान करत असणार. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. पावणेतीनला मुलगी झाली. तोवर तिला फोन उचलायला एकही हात मोकळा नव्हता.